आमचा ३८वा भाग कुठे आहे?

प्रति,
कार्यक्रम विभागप्रमुख,
एक मराठी मनोरंजन वाहिनी

महोदय,
स.न.वि.वि.

वाहिनीचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना पुढच्या दोन ओळींत कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजता, तुम्ही एका विनोदी नटाला सोफ्यावर बसवून गप्पांचा कार्यक्रम सुरू केला होता. सात आठवडे चालला. ३५ भाग झाले आणि छत्तिसाव्याच्या जागी आदल्या रात्रीची मालिका पुन्हा लागली. निरोप नाही, सूचना नाही. पूर्वी मुंबई दूरदर्शन निदान ‘व्यत्यय’ अशी पाटी तरी लावायचं.

कार्यक्रम बंद केलात याबद्दल माझं भांडण निम्मंच आहे. दुकान तुमचं, माल तुमचा. उरलेलं निम्मं असं, की आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या सोसायटीच्या महिला मंडळातल्या २२ बायका तुमच्या ३८व्या भागात बसलेल्या आहेत आणि तो भाग आजतागायत कुणी पाहिलेला नाही.

त्या दिवसाचं जरा सविस्तर सांगते. तुमच्या टेबलापर्यंत आकडे पोचतात, हे पोचलं नसणार.

आठवडाभर आधी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ऑडियन्स गोळा करणाऱ्या मुलीचा मेसेज आला. साड्या रंगीत हव्यात. पांढरी नको, बारीक चौकड्याची नको, कॅमेऱ्यात ती थरथरते. आणि प्रत्येकीने एक जास्तीची साडी पिशवीत घालून आणावी. ती कशाला, हे तिथे गेल्यावर कळलं. सकाळी सातला तलावपाळीला बस. ज्याने एकदा तरी घोडबंदर रोड पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. माजिवड्याला आमच्या भेंड्या संपल्या, मानपाड्याला डब्यातले पोहे संपले, आणि त्यापुढे मेट्रोचे खांब मोजत बसलो. मालिकांचे सेट या रस्त्याला इतके झालेत, की आमच्यातल्या एकीचा मुलगा म्हणतो, मराठी माणसाचे निम्मे वाडे आता घोडबंदरला आहेत आणि सगळे प्लायवूडचे आहेत.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन तास बसवलं. मोबाइल काढून घेऊन नंबर घातलेल्या पिशव्यांत टाकले. मग आत एसीत नेलं, इतक्या गारठ्यात की बायकांनी जास्तीची साडी शालीसारखी गुंडाळली. फ्लोअर मॅनेजर म्हणजे अगदी कोवळा पोरगा होता, पण गोड. त्याने आम्हाला टाळ्या शिकवल्या. साधी टाळी, जोराची टाळी, उभं राहून टाळी. मग म्हणाला, “काकू, आता हसण्याचे शॉट घेऊन टाकू.” समोर सोफा रिकामा. नट अजून मेकअपला. आम्ही त्या रिकाम्या सोफ्याकडे बघून आधी गालातल्या गालात हसलो, मग खळखळून हसलो, मग डोळे पुसत हसलो. आमच्या खजिनदारबाई बँकेत तीस वर्षं कॅशला होत्या. त्या कानात म्हणाल्या, “विनोद मागाहून जमा होणार म्हणे, हसू आधीच उचल घेतायत.”

मग ३७वा भाग झाला. मग साड्या बदला, डावीकडच्यांनी उजवीकडे जा, आणि त्याच २२ जणी ३८व्या भागाचा नवा प्रेक्षकवर्ग झाल्या. याबद्दल तक्रार नाही. आमच्या घरीही कालच्या भाताचा आज फोडणीचा भात होतो.

तक्रार आहे ती कार्यक्रमाच्या बेताबद्दल. त्या माणसाला आम्ही गडकरी रंगायतनला पाहिलाय. हातात काही नाही, मागे नेपथ्य नाही, एकटा अर्धा तास बोलला तर पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत माणसं वाकून हसतात. तुम्ही त्याच्या हातात प्रश्नांची कार्डं दिलीत. मालिकेतला पाहुणा, मग पराठा, मग गुडघेदुखीचे डॉक्टर, मग राशी. ज्या जिभेवर आम्ही जीव टाकतो ती जीभ “ओवा किती घालायचा, ताई?” असं विचारत होती. आणि ताई सांगत होत्या, “चिमूटभर.” शेवटी प्रेक्षकांशी गप्पा, सहा मिनिटं. तासाभरातली बारा मिनिटं जाहिरातींना जातात हे मी समजू शकते. पराठ्याला चौदा मिनिटं कशी जातात, ते तुम्ही समजावून सांगा.

तर ३८व्या भागातली ती सहा मिनिटं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. वय ७४. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात २६ वर्षं पॅकिंगला होत्या. त्या काही चमकायला आल्या नव्हत्या, बसमध्ये सीट रिकामी होती म्हणून आल्या होत्या. नट माइक घेऊन पायऱ्या चढत आला आणि नेमका त्यांच्यापाशी थांबला.

“मावशी, बघता का माझा कार्यक्रम?”

“ऐकते.”

“ऐकता? हा टीव्ही आहे, मावशी. रेडिओ नाही.”

“दुपारी एकला माझी पाठ टीव्हीकडे असते. ओटा या बाजूला आहे ना.”

“म्हणजे मी दिसतो कसा ते तुम्हाला माहीतच नाही?”

“आज दिसलात.” मग मावशींनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “आवाजावरून उंच वाटला होतात.”

फ्लोअर मॅनेजरने टाळीसाठी हात वर केला नव्हता. गरजच पडली नाही. तो माणूस कार्डं खिशात घालून सरळ पायरीवर बसला, मावशींच्या पायाशी, आणि पहिल्यांदा त्या दिवसात आम्हाला गडकरीतला नट दिसला. त्याने कारखान्याचं विचारलं. मावशींनी सांगितलं, तिथे बोलायला बंदी होती. सुपरवायझर काचेमागून बघत असायचा. मग बायका ओठ न हलवता बोलायला शिकल्या. कुणाच्या सासूने काय केलं, कुणाचं कुठे जुळतंय, रेशनला साखर आली की नाही, सगळं बंद तोंडाने. नट म्हणाला, मला शिकवा. आणि मग त्या दोघांनी, ओठ गच्च मिटून, एकमेकांशी भांडण केलं. विषय काय तर मंडईत कोथिंबिरीची जुडी. तो म्हणे दहाला दोन द्या, मावशी म्हणे तोंड बघा आरशात. सगळं घुमल्यासारखं, नाकातून. मी पत्र लिहिताना आत्ताही हसते आहे आणि हे कागदावर येत नाही हेही मला दिसतंय. म्हणूनच तर तो भाग हवा.

सहाची बारा मिनिटं झाली असतील. तिकडे पराठ्याच्या तव्यातून धूर निघायला लागला, फ्लोअर मॅनेजर कानातल्या यंत्राशी भांडत होता, कॅमेऱ्यावरचा माणूस हसताना कॅमेरा हलवत होता. हसण्याचे शॉट आधी कशाला घेतले होते कोण जाणे.

भाग शुक्रवारी लागणार असं सांगितलं. मावशींनी चिपळूणला बहिणीला कळवलं, सुनेच्या माहेरी कळवलं, दूधवाल्याला कळवलं. शुक्रवारी दुपारी त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही सोळा जणी. मावशींनी त्या दिवशी स्वयंपाक अकरालाच उरकला होता, पाठ टीव्हीकडे नको म्हणून. कार्यक्रम बुधवारपासूनच बंद पडला होता, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन दिवस कुणाच्या घरी लग्न, कुणाचा उपास. एकच्या ठोक्याला मालिकेतली सून रडायला लागली. कुणीतरी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, सेट टॉप बॉक्स एकदा बंद करून चालू करा. आम्ही केला. सून रडतच होती.

आता माझं म्हणणं. मावशी जे पहिल्या वाक्यात बोलून गेल्या ते तुमच्या कार्यक्रम विभागाने फळ्यावर लिहून ठेवावं. दुपारचा टीव्ही बघायचा नसतो, ऐकायचा असतो. एक वाजता आमच्या हाताला गवार असते, इस्त्री असते, शाळेतून आलेल्या पोराचा डबा असतो, अंथरुणावर पडलेल्या सासऱ्यांची औषधं असतात. रात्रपाळी करून आलेली नर्स डोळे मिटून पडलेली असते आणि झोप येईपर्यंत तिला माणसाचा आवाज लागतो. घरात बोलणारं दुसरं कुणी नसतं, म्हणून टीव्ही लागतो. अशा वेळी चेहऱ्यावरचे विनोद, साडी नेसून केलेले विनोद, पडण्याझडण्याचे विनोद वाया जातात. बोलणारा हवा. तुमच्याकडे तो होता.

आणि हे तुमच्या मीटरला कधीच कळणार नाही. कोणता कार्यक्रम किती जण बघतात ते मोजणाऱ्या ‘बार्क’ संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात आणि त्यावर तुमची झोप ठरते, एवढं आम्हालाही ठाऊक आहे. अख्ख्या देशात पन्नास-साठ हजार घरांत ते मीटर. टीव्हीसमोर कोण बसलंय ते कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक बटण असतं. बसताना दाबायचं, उठताना दाबायचं. कणकेच्या हातांनी बटण कोण दाबणार हो? पाठ करून उभी असलेली बाई बघणारी धरायची की नाही? मावशींच्या घरी मीटर असतं, तर तुमच्या हिशेबात सात आठवडे त्या घरातला टीव्ही रिकाम्या खोलीत चालू होता.

माझा भाचा अमेरिकेत एडिसनला असतो. त्याला हा सगळा किस्सा सांगितला तर म्हणाला, “मावशी, हे तिकडे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलंय.” आणि त्याने मला डेव्हिड लेटरमनच्या जुन्या चित्रफिती पाठवल्या. पुढे रात्रीच्या कार्यक्रमांचा राजा झालेला हा माणूस. पण त्याचा पहिला कार्यक्रम सकाळचा होता, हे मला माहीत नव्हतं. इंडियानापोलिसला टीव्हीवर हवामान सांगायचा, मग लॉस एंजेलिसच्या क्लबात उभं राहून विनोद करायला लागला. एनबीसी वाहिनीने २३ जून १९८० पासून त्याला रोज सकाळी दीड तास दिला. जागा करण्यासाठी तीन गेम शो एकदम बंद केले. त्यातला ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’ तर १९६६ पासून चालू. म्हणजे विचार करा, चौदा वर्षं ज्या वेळी बायका कोडी सोडवणारे नट बघत होत्या, त्या वेळी एक दातांत फट असलेला पोरगा येऊन कुत्र्या-मांजरांच्या येडपट करामती दाखवतो, आणि मध्येच एडविन न्यूमन नावाचे भारदस्त वार्ताहर खऱ्या बातम्या वाचतात. घराघरांत काय झालं असेल ते मला इथे नौपाड्यात बसून दिसतं. माझ्या सासूबाईंनी टीव्हीवर फडकं टाकलं असतं.

सहा आठवड्यांत दीड तासाचा एक तास केला. त्या मोकळ्या झालेल्या अर्ध्या तासामुळे ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ हा आणखी एक गेम शो, ज्याच्या मानेवर सुरी ठेवलेली होती, तो वाचला. ते चक्र अजून फिरतंय म्हणे. लेटरमनचा कार्यक्रम २४ ऑक्टोबरला संपला. १८ आठवडे. बंद पडल्यानंतर त्याच कार्यक्रमाला दोन एमी पुरस्कार मिळाले, एक सूत्रसंचालनाचा, एक लेखनाचा. कार्यक्रम गेल्यावर बक्षीस, म्हणजे आपल्याकडे तेराव्याला जेवण चांगलं होतं तसं.

पण यातली गोष्ट मला वेगळीच आवडली. वाहिनीने कार्यक्रम बंद केला, माणूस सोडला नाही. करारात धरून ठेवला आणि १ फेब्रुवारी १९८२ला त्याला मध्यरात्रीनंतरची वेळ दिली. सकाळी न पचलेल्या त्याच प्राण्यांच्या करामती रात्री लोकांनी डोक्यावर घेतल्या. २० मे २०१५ला तो निवृत्त झाला, तोपर्यंत वाहिनी बदलून का होईना, रात्रीच बसत होता. तुम्ही आमच्या नटाचं काय केलंत? परवा एका पुरस्कार सोहळ्यात तो नऊवारी नेसून, खोटा अंबाडा लावून, दोन मिनिटांच्या प्रहसनात मागून तिसरा उभा होता. मावशींनी ओळखला. आवाजावरून.

भाचा पुढे म्हणाला, दिवसाच्या वेळेला विनोदी माणूस चालतच नाही असंही नाही. रोझी ओडोनेल १९९६ ते २००२ चालली. तिच्या जागी कॅरोलिन ऱ्हिया आली, तीही विनोदीच, ती वर्षभरात गेली. मग २००३ला एलन डीजेनेरस आली ती २०२२पर्यंत हटली नाही. म्हणजे याला नियम नाही. मला तरी यातून एवढंच कळतं, की कोण टिकेल ते सात आठवड्यांत कळत नाही.

तिकडचं कशाला, आपलंच घ्या. दुपारची वेळ मेलेली असं तुमच्या लोकांना वाटतं. १९९४ला दूरदर्शनवर ‘शांती’ दुपारीच लागायची आणि आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर चर्चा व्हायची; ज्यांच्या घरी सासू होती त्या दुपारी घरी बघणाऱ्या सासूकडून रात्री ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगायच्या. रोजच्या मालिकेचा हा सगळा संसार, ज्यावर आज तुमचं घर चालतं, तो दुपारी मांडला गेला. आणि सामान्य बाई माइकवर काय बोलते हे ऐकायला लोक बसतात की नाही, याचा पुरावा हवा असेल तर आदेश बांदेकर २००४ पासून १८ वर्षं घराघरांत ‘वहिनी, वहिनी’ करत हिंडले. तिकडे १८ आठवडे, इकडे १८ वर्षं. प्रशांत दामलेंनी ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये चमचा हातात घेतला तेव्हा लोक पदार्थासाठी बसायचे की दामलेंसाठी, हे मी माझ्यापुरतं सांगू शकते. मी त्यातला एकही पदार्थ कधी केला नाही. दामलेंना तिथे कुणी कार्डं दिली नसावीत. दिली असतील तर त्यांनी ती फोडणीत टाकली.

तेव्हा तुम्ही पुन्हा कधी हे धाडस केलंत, आणि करावंत असं मला मनापासून वाटतं, तर पराठा, गुडघे आणि राशी दुसऱ्या कुणाला द्या. माणसाला माणसांत सोडा. सेटचा खर्च कमी करा, हवं तर दर आठवड्याला एका सोसायटीच्या गच्चीवर या. आमच्या गच्चीत पाण्याच्या टाक्या सोडून ऐंशी खुर्च्या बसतात. चहा आमच्याकडून. वर्षभर चालवा, निदान एक श्रावण आणि एक मे महिना जाऊ द्या. मे महिन्यात बायका माहेरी असतात, श्रावणात उपास-तापासात. दोन्हीकडे दुपारच्या वेळी काय लागलेलं असतं ते आधी पाहा आणि मग आकडा मोजा.

हे सगळं तुम्ही कराल अशी माझी फार आशा नाही. कार्यक्रम कुणाच्या एकट्याच्या हातात नसतो हे मलाही कळतं. मीही कर्ज मंजूर न करणाऱ्या खिडकीमागे बसलेली बाई आहे.

पण ३८वा भाग तर तयार आहे. त्याचा खर्च होऊन गेलाय. आम्हाला दिवसभराचे पैसे दिलेत, वडापाव दिलात, बस दिलीत. तो दुपारी एकला दाखवा असंही म्हणत नाही. पहाटे साडेतीनला दाखवा, आम्ही गजर लावू. तुमच्या ॲपवर टाका, आमच्यातल्या एखादीचा मुलगा टीव्हीला जोडून देईल. तेही नको असेल तर नुसती ती बारा मिनिटं पेन ड्राइव्हवर द्या, पेन ड्राइव्ह मी आणते. तुमच्या ऑफिसला तीन मेल केले, दोनदा ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं आपोआप उत्तर आलं, तिसऱ्यांदा तेही आलं नाही. म्हणून हे उघड पत्र.

मावशी मला लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात, “लागला का गं?” लिफ्टमध्ये दुसरं कुणी असेल तर ओठ न हलवता विचारतात.

शोधायला सोपं जावं म्हणून लिहिते. क्लॅपच्या पाटीवर ३८ होतं. पाहुणी म्हणून मालिकेतली धाकटी जाऊ आली होती, पिवळ्या ड्रेसमध्ये. पराठा मेथीचा, तो करपला आहे. उजवीकडची तिसरी रांग, कडेपासून दुसरी खुर्ची. मोरपंखी साडी, केसांत अबोली, मांडीवर रेक्झिनची तपकिरी पर्स, आणि नट पायरीवर बसल्यावर ज्या त्याला आधी थोडं सरकायला सांगतात, त्याच मावशी.

कळावे,
आपली,
नौपाड्यातली एक प्रेक्षक
(डावीकडून उजवीकडे हलवलेल्यांपैकी, मावशींच्या मागची खुर्ची)